सतरा नंबरच्या खांबावरचा जोड

एकोणीसशे नव्याण्णव साल. मे महिना. नांदखेड्याच्या अमृतलाल शेठच्या घरचा फोन एका आठवड्यात चौथ्यांदा तक्रारीला आला. मी सायकलला पिशवी अडकवली आणि निघालो. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

मी झुलाल. टेलिफोनचा लाइनमन. शाळा चौथीपर्यंत. पण तारेला हात लावला की दुखणं कुठे आहे ते सांगत असे, आणि सहसा चुकत नसे. हे मला वनानानाने शिकवलं. त्याच्याविषयी सांगायचं म्हणूनच बसलो आहे. दिवा जरा मोठा करा. लाइट काही दहापर्यंत येत नाही.

वनानाना शिरपूरकडचा. डावखुरा. खांबावर अनवाणी चढायचा. म्हणायचा, बूट घातले की पाय खोटं बोलतात. तार जोडायची तर आधी ती सोन्यासारखी चमकेपर्यंत खरवडायची, मग दोन्ही बाजूंनी सात-सात वेढे, मग राळ लावून वर कथलाचा डाग. सहा वेढे त्याला चालायचे नाहीत. आठही नाही. डावखुरा असल्यामुळे त्याच्या वेढ्यांचा पीळ उलटा पडे. शंभर जोडांतून त्याचा जोड मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखत असे. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

आमच्या एक्स्चेंजमध्ये एक फळी होती. फळीवर खिळे, खिळ्यांखाली नंबर. प्रत्येक लाइनमनला पितळेचा बिल्ला. खांबावर जाताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा. खाली उतरून परत आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला कोणी काढायचा नाही. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस वर आहे. मोठ्यात मोठा साहेब आला तरी हा नियम मोडत नसे.

वनानानाचा बिल्ला चार नंबरचा. तेरा वर्षांपासून तो त्या खिळ्यावर होता. शहाऐंशीच्या मे महिन्यात, भर बाराच्या उन्हात, नाना सतरा नंबरच्या खांबावर गेला. दोन वाजले तरी आला नाही म्हणून मी बघायला गेलो. तो कमरेच्या पट्ट्यावर रेलून, तारेकडे तोंड करून होता. काम करतो आहे असंच वाटलं. मी दोन हाका मारल्या. ऊन त्याला घेऊन गेलं होतं.

तो स्वतः उतरला नाही. त्याला उतरवलं. म्हणून बिल्ला कोणी काढला नाही. दसऱ्याला आम्ही पक्कड, शिडी पुजायचो, तेव्हा त्या बिल्ल्यालाही हळदकुंकू लागायचं.

आणि सतरा नंबरवरचा तो जोड सगळ्या भागात ‘वनाचा जोड’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नानाचं शेवटचं काम. पुढे बाकी ठिकाणी जमिनीखालून केबल आली. पण सोळा ते अठरा नंबरच्या मध्ये नाला होता, तिथे जुनी तारच राहिली. तो जोड कोणी उघडला नाही. नव्या पोरांना मी तो खालून दाखवत असे.

आता त्या दिवसाचं.

अमृतलालचं सरकी-ढेपेचं दुकान खाली, घर वर. दुकानात ढेपेचा आंबूस वास. तो गल्ल्यावर वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता.

“आले का झुलालभाऊ? या. आता जावईसुद्धा इतक्या वेळा येत नाही आमच्याकडे.”

“फोन कुठे आहे?” मी म्हणालो.

“वर. पोरीपाशी. तिने आणि तुमच्या तारेने मिळून माझं डोकं पिकवलं आहे.”

पोरगी कुसुमलता. बावीस-तेविसाची. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला. चाळीसगावच्या मामाने तिला एक जुना कॉम्प्युटर दिला होता आणि त्याला फोनची तार जोडून इंटरनेट लावलं होतं. आमच्या भागात ते कोणाकडेच नव्हतं. पुण्याची कसलीशी कंपनी तिला सकाळी अकराला हिंदी मजकूर पाठवी. तिने त्याचं मराठी करून दुपारी एकच्या आत परत पाठवायचं. एक महिना पारखून बघणार होते. पसंत पडलं तर कायमचं काम.

“बाराला लाइन जाते, काका,” ती म्हणाली. “दोनला येते. रोज. तीन दिवस माझं काम एकच्या आत पोचलं नाही. काल त्यांनी कळवलंय, आज चुकलं तर थांबवू.”

“थांबलं तर?”

“तर मामा कॉम्प्युटर परत नेणार. आणि पप्पा म्हणतात तसं घरात बसून राहायचं.” ती हसली, पण बोटं थांबली नाहीत. एवढ्या वेगाने चालणारी बोटं मी आधी फक्त एकाच माणसाची पाहिली होती.

मी कामाला लागलो. आधी फोनची डबी उघडली. स्क्रू घट्ट. गंज नाही. भिंतीवरची तार गच्चीपर्यंत बोटांनी चाचपत गेलो, कुठे उंदराने कुरतडली आहे का. नाही. विजेपासून राखणाऱ्या डबीत मुंग्या होत्या, त्या झाडल्या. मोडेम म्हणून एक डबडं होतं, त्याची तार बदलून पाहिली. मग तिला म्हणालो, लाव.

तिने इंटरनेटसाठी जळगावचा नंबर लावला. डबड्यातून आधी घंटी, मग शिट्टी, मग घशात दाणा अडकलेल्या पाखरासारखी खरखर. मग शांत.

“लागलं,” ती म्हणाली.

“घरात दोष नाही. एक्स्चेंज मी सकाळीच तपासलं. तिथेही नाही.”

“मग मध्ये असेल.”

“मध्ये काही नाही.”

“मध्ये काय आहे, काका?”

“केबल. ती नवी आहे. आणि नाल्यावर एक जोड. तो वनानानाचा आहे. त्यात दोष निघायचा नाही.”

“बघितला तुम्ही?”

मला राग आला. माझ्या जोडाबद्दल, माझ्या गुरूच्या जोडाबद्दल मला कोणी विचारत नसे. “बघायची गरज नाही,” मी म्हणालो.

बाराला पाच मिनिटं कमी असताना मी लाइन तपासायचा माझा हाताचा फोन गच्चीवरच्या तारेला लावला आणि कानाशी धरून बसलो. खाली रस्ता रिकामा. खानदेशातली मे महिन्यातली दुपार तुम्हाला सांगायला नको. रात्री निदान कुत्रं तरी भुंकतं. दुपारी बाराला तेही नाही. पत्रे तापून टिक टिक वाजत होते. तारेत कुसुमलताच्या मोडेमची खरखर चालू होती.

बारा वाजले. खरखर तुटली.

मग तारेत दोन टिचक्या वाजल्या. टक्... टक्.

नखाने फोनवर टिचकी मारल्यासारख्या. खांबावर चढून तार सोडवली की नाना आधी अशाच दोन टिचक्या मारायचा. म्हणजे, मी वर आहे, ऐकतो आहेस ना?

मी फोन तारेवरून काढला. हात कोरडा होता तरी फोन निसटला.

खाली आलो तर पोरगी माझ्याकडे बघत होती. “गेली ना?”

“गेली.”

“मग त्या वनानानांनाच बोलवा ना, काका. ज्यांनी जोडलं, तेच दुरुस्त करतील.”

“तो वारला,” मी म्हणालो. “तेरा वर्षं झाली.”

 ती घड्याळाकडे बघून म्हणाली, “मी लिहून संपवते. पाऊण वाजेपर्यंत संपेल. तुम्ही बघा काही होतं का.” आणि पुन्हा तिची बोटं सुरू झाली. रडणं नाही, ओरडणं नाही. लाइन नाही हे माहीत असून ती काम पुरं करत होती. मला तिचं नवल वाटलं. थोडी लाजही वाटली.

तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही. ती आता सांगतो.

सतरा नंबरचा जोड वनानानाचा नव्हता. माझा होता.

शहाऐंशी साली तो मी केला होता. घाईत. पाच वेढे, कथील नाही, वरून रबरी पट्टी गुंडाळली. नानाने खालून बघूनच ओळखलं. म्हणाला, “झुलाल, उद्या तो पुन्हा कर.” मी म्हणालो, “चालतो आहे ना? मग कशाला?” दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी नाना स्वतःच आपला बिल्ला लावून निघून गेला. दुपारी अशासाठी की तेव्हा कोणी फोन करत नाही, लाइन सोडवली तरी कोणाचा खोळंबा होत नाही.

त्याला उतरवल्यावर पंचनाम्याआधी मी वर गेलो. पट्टी अर्धी सोडलेली होती. जोड तसाच. त्याला वेळ मिळाला नाही. मी पट्टी पुन्हा गुंडाळली आणि खाली येऊन सगळ्यांना सांगितलं, नानाने जोड पुरा केला, मग गेला. मला वाटलं, मी त्याला मान देतो आहे. खरं म्हणजे मी माझं नाव त्या जोडावरून काढून घेतलं होतं.

बोलण्यापुरता तो जोड तेरा वर्षं चालला. माणसाला खरखर चालते. त्या पोरीच्या डबड्याला चालत नव्हती. आणि उन्हाने तार सैलावली की जोड सुटायचा. मला हे चौथ्या तक्रारीला नाही, पहिल्याच तक्रारीला कळलं होतं.

सायकल घेऊन एक्स्चेंजला गेलो. रतिलाल बसला होता. नवीन साहेब, तिशीचा, बोलायला तिखट.

“झुलालभाऊ, आज तो जोड कापाच,” तो म्हणाला. “फार पूजा झाली त्याची. वनाच्या हातात काय देवी आली होती? मी तक्रारवहीत लिहितो, वनाचा जोड निकामी, काढून टाकला.”

“लिहू नका,” मी म्हणालो.

“का? तुमचा थोडाच आहे?”

 माझा बिल्ला, अकरा नंबरचा, माझ्या खिळ्याला लावला. काही खिळे सोडून चार नंबरचा. हळदकुंकवाने लाल झालेला. पक्कड, राळ, कथील पिशवीत घातलं आणि निघालो.

सतरा नंबरचा खांब नाल्याच्या काठाला, केळीच्या बागेत. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि बागेत शिरलो तर अंधार. केळीची पानं वर एकमेकांत गुंतलेली. खाली ओल, कुजलेल्या खोडाचा वास. वारा पडलेला, पण दूर आत कुठेतरी एकच पान हलत होतं. फडफड... थांब... फडफड.

आणि त्या कुजक्या वासात मला राळ जळल्याचा वास आला.

राळ माझ्या पिशवीत होती. डबीला झाकण होतं.

मी चपला काढल्या. का काढल्या ते सांगता येत नाही. तेरा वर्षं मी बूट घालूनच चढत होतो, त्या दिवशी मात्र पायांत चपला होत्या. अनवाणी पाय पहिल्या खुंटीवर ठेवला. लोखंड तापलेलं, पण चटका बसला नाही. खुंटीवर आधीच कोणाच्या तरी पायाची ओल होती.

वर गेलो. पट्टा बांधला. केळीच्या पानांच्या वर फक्त ऊन आणि तार. जोडावरची पट्टी अर्धी सुटून लोंबत होती. मी तेरा वर्षांपूर्वी पाहिली होती तशीच.

हाताचा फोन तारेला लावला. कानाशी धरला.

बराच वेळ काही नाही. मग श्वास. चढून दमलेल्या माणसाचा.

“कोण...?” मी म्हणालो.

“हाऊ जोड कोना शे?”

हा जोड कोणाचा आहे. नाना दर नव्या जोडापाशी हेच विचारायचा. आवाजात राग नसायचा. आजही नव्हता. म्हातारा बाप पोराला, जेवलास का, विचारतो तसा.

 घड्याळात बारा चाळीस झाले होते. मला वाटलं, फोन काढावा, उतरावं, तार कापावी आणि नवी ओढावी. पण नवी तार एकच्या आत होत नाही. आणि रतिलाल वहीत लिहिणार होता, वनाचा जोड निकामी.

“झुलाल... हाऊ जोड कोना शे?”

“मना शे, नाना,” मी म्हणालो. “मीच करेल शे. नाव तुमनं दिधं.”

जोड माझा, नाव तुमचं लावलं, अशी कबुली मी कोणापुढे कधी दिली नव्हती. बायकोपुढेही नाही.

तारेत शांत झालं. ते हललेलं पान थांबलं. मग अगदी जवळून, फोनमधून नव्हे, माझ्या डाव्या खांद्यापाशी...

“तार धर.”

मी शिकत असताना हेच माझं काम होतं. तार धरायची आणि बघायची. मी दोन्ही हातांनी तार धरली. बघायचं मात्र धाडस झालं नाही. डोळे मिटले. बोटांत तार फिरताना कळत होती. आधी खरवडल्याचा थरथराट. मग वेढा. एक... दोन... पीळ उलटा, डावीकडे. तीन... चार... घाई नाही. मी मनात मोजत होतो. सात. मग दुसऱ्या बाजूने सात. मग राळेचा धूर नाकात गेला आणि बोटांना ऊब लागली, भाजेल इतकी नाही.

भीती वाटली का, विचारता? वाटली.  पण खरं सांगतो, त्या भीतीहून मोठं काही होतं. तेरा वर्षांनी तो हात चालताना मला पुन्हा कळत होता. तो थांबू नये असं वाटत होतं.

थांबला. मी डोळे उघडले.

जुना जोड तेरा वर्षांचा काळा असायला हवा होता. समोरचा जोड आरशासारखा चमकत होता. सात आणि सात. कथलाचा थेंब अजून ओला दिसत होता. माझी पिशवी बंद होती. पक्कड आत होती.

तेवढ्यात पट्ट्याला लटकलेल्या फोनमधून घंटी वाजली. मग शिट्टी. मग घशात दाणा अडकलेल्या पाखरासारखी खरखर. मी ऐकत राहिलो. ती तुटली नाही.

“नाना,” मी म्हणालो, “आता उतरा.”

 मी उतरलो.

अमृतलालच्या घरी पोचलो तेव्हा पोरगी जिन्यात, कठड्याला धरून उभी होती. “गेलं, काका! तीन मिनिटं राहिली होती!” मागून अमृतलाल म्हणाला, “पाणी तरी पिऊ दे त्यांना. केवढं ऊन लागलंय.” आणि स्वतःच तांब्या घेऊन आला. तो माणूस गल्ल्यावरून उठलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

पाणी पीत होतो तेव्हा कुसुमलता म्हणाली, “मध्ये मी एकदा फोन उचलून बघितला होता, लाइन आली का म्हणून. तुम्ही बोलत होतात. मी लगेच ठेवला.”

“बरं केलंस.”

“दुसरे कोण होते? किती मायेने विचारत होते.”

मी तांब्या खाली ठेवला. “आमचे नाना,” म्हणालो.

तिने पुढे विचारलं नाही. पोरगी हुशार. महिन्याअखेर तिचं काम कायम झालं. ती लाइन पुन्हा कधी तक्रारीला आली नाही. कधीच नाही. पावसाळ्यात नाला पुलावरून गेला, आजूबाजूचे दोन खांब पडले, सतरा नंबरवरचा जोड हलला नाही.

एक्स्चेंजला परत आलो तेव्हा रतिलाल जेवायला गेला होता. तक्रारवही उघडी होती. मी पेन घेतलं. मला लिहायला वेळ लागतो. लिहिलं, ‘सतरा नंबरवरचा जुना जोड झुलालचा होता. निकामी होता. नवा जोड वनाचा.’ रतिलालने नंतर वाचलं. माझ्याकडे नुसतं बघितलं. 

मग फळीकडे गेलो. चार नंबरचा खिळा रिकामा होता.

तेरा वर्षांत प्रथम. खिळ्याखाली लाकडावर बिल्ल्याएवढा गोल, स्वच्छ राहिलेला. मी हात जोडले. मनात म्हणालो, उतरले नाना. मोकळे झाले. डोळ्यांत पाणी होतं म्हणा, घाम होता म्हणा, मला नीट दिसत नव्हतं. अकरा नंबरच्या खिळ्यावरचा बिल्ला काढला, खिशात टाकला आणि घरी आलो.

शेवंताबाईने, माझ्या बायकोने, सदरा धुवायला घेतला. खिसा चाचपला. आतून हाक मारली.

“अहो, हाऊ कोना बिल्ला शे?”

“मना. दुसरा कोना राहीन?”

“तुमना ते अकरा नंबर शे ना?”

ती बिल्ला घेऊन दिव्यापाशी आली. पदराने पुसला. पदराला हळदकुंकू लागलं. खाली नंबर होता, चार.

मी दुसऱ्या दिवशी सगळं एक्स्चेंज शोधलं. फळीमागे, टेबलाखाली, केराच्या डब्यात. केळीच्या बागेत खांबाखालीही शोधलं. वर मात्र गेलो नाही. अकरा नंबरचा बिल्ला सापडला नाही. पुढे निवृत्त होताना बिल्ला जमा करायचा होता. हरवला म्हणून सांगितलं. चारचा अजून माझ्या पेटीत आहे.

नियम तुम्हाला सांगितला. ज्याने आपला बिल्ला आपल्या हाताने काढला नाही, तो खाली उतरलेला नाही.

नाना उतरला. मी काढला तो माझा नव्हता, म्हणून मी नियमाने अजून वर आहे. मन म्हणतं, हे म्हातारपणाचे खेळ. जेवतो, झोपतो, नातवंडं अंगावर चढतात. पण रोज दुपारी बारा वाजले की तळपायांना तापलेलं लोखंड लागतं. मी खाली बघतो. शेणाने सारवलेली गार जमीन असते. आणि डाव्या खांद्यापाशी, राळेच्या वासातून, कोणीतरी माझ्या हातात तार देतं...

मी धरतो.